कर्नल जुना, कंटेनर नवे: आरएचईएल-सेंटओएस ७ वर डॉकर आणि पॉडमॅन

निकाल आधी. रेड हॅटच्या आरएचईएल ७ किंवा तिची मोफत जुळी सेंटओएस ७ या लिनक्सवर आज कंटेनर (आपल्या फाइलींसकट वेगळा चालणारा प्रोग्राम) चालवायचेच असतील, तर डॉकर सीई २६.१.४ घ्या, त्याखाली ओव्हरले२ (इमेजचे थर साठवणारा ड्रायव्हर) आणि त्याखाली एफटाइप=१ असलेली एक्सएफएस फाइलसिस्टीम ठेवा. त्या सिस्टीमवर यापेक्षा बरं काही मिळत नाही. डिस्ट्रोबरोबर येणारा डॉकर १.१३.१ जिथे आधीपासून चालू आहे तिथून हलवायच्या तयारीला लागा. डॉकरला पर्याय असलेला पॉडमॅन १.६.४ एक-दोन कंटेनरपुरता बरा. आणि आरएचईएल-सेंटओएसच्या सहाव्या व्हर्जनवर कशाच्याच नादी लागू नका.

आता कारणं. कंटेनर स्वतःबरोबर लायब्ररी आणतो, शेल आणतो, पॅकेज मॅनेजर आणतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मात्र आणत नाही. इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो साचा) कालची असली तरी सिस्टीम कॉलला, म्हणजे प्रोग्रामच्या विनंतीला, उत्तर देणारा कर्नल २०१४ च्या जूनमध्ये आलेल्या आरएचईएल ७ मालिकेतलाच असतो. हा कर्नल फौजेतला नव्हे, पण निवृत्त झाल्यावरही हुकूम त्याचाच चालतो. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ कायमचं थांबलं. आरएचईएल ७ ला पैसे मोजून वाढीव सपोर्ट मिळतो, पण त्यातही कर्नल ३.१० च राहतो.

नुसत्या ३.१० या आकड्यावरून मात्र अंदाज बांधू नका. रेड हॅटने मागच्या दाराने त्यात बरंच काही आणून ठेवलंय, त्यामुळे खरी माहिती शेवटच्या आकड्यात असते. ३२७ म्हणजे ७.२, ५१४ म्हणजे ७.३, ६९३ म्हणजे ७.४, १०६२ म्हणजे ७.७, ११२७ म्हणजे ७.८, ११६० म्हणजे ७.९. डॉकरचा ओव्हरले२ ड्रायव्हर ५१४ पासून पुढेच चालतो. तुमच्या मशीनवर ११६० नसेल तर पहिलं काम कर्नल अपडेट आणि रीबूट. बाकी सगळं त्यानंतर.

डॉकर १.१३.१: घरचं, पण शिळं

डिस्ट्रोच्या एक्स्ट्राज रिपॉझिटरीतून येणारा हा डॉकर २०१७ च्या मूळ व्हर्जनवर रेड हॅटने स्वतःचे पॅच चढवून बनवला. त्याची एक बाजू खरोखर चांगली आहे: एसईलिनक्स (कोणता प्रोग्राम कशाला हात लावू शकतो ते ठरवणारी सुरक्षा) पहिल्यापासून चालू असतं. हे लक्षात ठेवा, कारण डॉकर सीईमध्ये ते बंद असतं आणि बदली करताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

वापरायला मात्र हा आता जड जातो. डॉकरफाइलमध्ये दोन ‘फ्रॉम’ ओळी असतील, म्हणजे मल्टिस्टेज बिल्ड असेल, तर तो पहिल्याच ओळीला अडतो. ‘फ्रॉम गोलँग अ‍ॅज बिल्डर’ ही अख्खी ओळ तो इमेजचं नाव समजतो आणि ‘इनव्हॅलिड रेफरन्स फॉरमॅट’ म्हणून मोकळा होतो. लोक तासभर इमेजच्या नावातली चूक शोधत बसतात. चूक नावात नसते. मल्टिस्टेज बिल्ड डॉकरमध्ये १७.०५ ला आलं, इतकंच.

दुसरी नेहमीची तक्रार: ‘मिसिंग सिग्नेचर की’. इमेज ओढताना हा संदेश आला की माणूस जीपीजी आणि सर्टिफिकेटच्या मागे लागतो. खरं कारण मॅनिफेस्टचं, म्हणजे इमेजच्या भागांच्या यादीचं, आहे. नव्या इमेज ओसीआय फॉरमॅटमध्ये येतात, १.१३.१ ला तो फॉरमॅट वाचता येत नाही, मग तो मॅनिफेस्टला जुन्या सहीवाल्या स्कीमातलं समजून त्यात सही शोधतो. तात्पुरता इलाज असा: एखाद्या नव्या मशीनवर स्कोपिओ (इमेज कॉपी करणारं अवजार) घ्या, कॉपी करताना फॉरमॅट ‘व्ही२एस२’ द्या आणि इमेज आपल्या खासगी रजिस्ट्रीत टाका. तिथून जुना डॉकर ती निमूटपणे घेतो. अर्थात घेतली म्हणजे ती चालेलच असं नाही. ते पुढे.

डॉकर सीई २६.१.४: इन्स्टॉल करताना काय अडतं

ईएल७ साठी, म्हणजे आरएचईएल-सेंटओएस ७ साठी, बांधलेलं हे शेवटचं पॅकेज. सेंटओएस ७ वर इन्स्टॉल पहिल्या प्रयत्नात होत नाही, कारण मिररलिस्टचा सर्व्हर बंद झालाय. यम या पॅकेज मॅनेजरच्या प्रत्येक रेपो फाइलमध्ये मिररलिस्टची ओळ कॉमेंट करा, बेसयूआरएलची ओळ उघडा आणि पत्त्यात मिररच्या जागी सेंटओएसचा व्हॉल्ट (जुन्या पॅकेजांचं कोठार) घाला, फोल्डर ७.९.२००९. त्यानंतर एक्स्ट्राज चालू आहे ना ते पाहा. डॉकर सीईला कंटेनर-एसईलिनक्स २.७४ किंवा पुढचं लागतं आणि रूटलेस (रूटच्या अधिकारांशिवाय चालवण्याच्या) एक्स्ट्राज पॅकेजला स्लर्प४नेटएनएस आणि फ्यूज-ओव्हरलेएफएस लागतात. तिन्ही एक्स्ट्राजमध्येच आहेत. ‘रिक्वायर्स कंटेनर-एसईलिनक्स’ ही एरर आली की काहीजण डिपेंडन्सी न तपासता आरपीएम जबरदस्तीने बसवतात. असं करू नका. डॉकर सुरू होतो, पण एसईलिनक्सची धोरणं नसल्यामुळे महिन्याभराने भलतीकडेच काहीतरी मोडतं.

सगळी आरपीएम एकदा उतरली की स्वतःच्या रिपॉझिटरीत ठेवून द्या. आज जिथे आहेत तिथे ती उद्याही असतील याची हमी कोणी दिलेली नाही.

१.१३.१ वरून इकडे येताना सर्वांत मोठा खड्डा स्टोरेजचा आहे. जुन्या सर्व्हरवर बहुतेकदा डिव्हाइसमॅपर हा जुना स्टोरेज ड्रायव्हर असतो. डॉकरने तो १८.०९ ला कालबाह्य ठरवला आणि २५ मध्ये काढून टाकला. म्हणजे २६.१.४ बसवल्यावर डीमन (मागे सतत चालणारी डॉकरची सर्व्हिस) जुन्या इमेज आणि कंटेनरकडे बघणारच नाही. रूपांतर करून देणारं अवजारही नाही. म्हणून जुना डॉकर काढण्याआधी, तो चालू असतानाच, पुढचं सगळं उरका.

‘डॉकर इन्फो’मध्ये स्टोरेज ड्रायव्हर कोणता आहे ते बघा. रजिस्ट्रीत नसलेली प्रत्येक इमेज ‘डॉकर सेव्ह’ने टार करून घ्या. कोणी कंटेनरच्या आत हाताने काही बदललं असेल, आणि असतंच, तर ‘डॉकर डिफ’ चालवा; कामाचं दिसलं तर ‘कमिट’ करून तीही इमेज सेव्ह करा. प्रत्येक कंटेनरचं ‘इन्स्पेक्ट’ फाइलमध्ये उतरवा, म्हणजे पोर्ट, व्हॉल्यूम आणि एन्व्हायर्नमेंट पुन्हा आठवत बसावं लागणार नाही. मग कंटेनर थांबवून व्हॉल्यूमच्या फोल्डरचा टार घ्या. व्हॉल्यूम डिव्हाइसमॅपरच्या आत नसतात, साध्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे एवढा एक भाग सोपा आहे. आता डीमन थांबवा, डॉकर, डॉकर-क्लायंट आणि डॉकर-कॉमन ही तीन पॅकेजं काढा आणि वार-लिब-डॉकर फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा. पुसू नका. नवी व्यवस्था दोन आठवडे नीट चालली की मग पुसा.

नवा डीमन सुरूच होत नाही, असं इथे हमखास होतं. लॉगमध्ये ‘एकच डायरेक्टिव्ह फ्लॅगमध्येही आहे आणि कॉन्फिगरेशन फाइलमध्येही’ अशा अर्थाची ओळ असते. जुना डॉकर आपले पर्याय सिसकॉन्फिग फाइलींतून फ्लॅग म्हणून घेत असे, नव्याचे डीमन.जेसन फाइलमध्ये असतात. सिस्टीमडीच्या ड्रॉप-इन फोल्डरमध्ये कोणी जुना फ्लॅग लिहून ठेवला असेल तर दोघांची टक्कर होते. ड्रॉप-इन काढा, डीमन-रीलोड करा. डेटाची जागा बदलणारा पर्यायही तपासा: जुन्यात त्याचं नाव ‘ग्राफ’ होतं, आता ‘डेटा-रूट’.

डीमन.जेसनमध्ये आम्ही एवढं असावंच असं मानतो: स्टोरेज ड्रायव्हर ओव्हरले२; लॉगचा मॅक्स-साइज १० एमबी आणि मॅक्स-फाइल ३, कारण नाहीतर जेसन लॉगला मर्यादाच नसते; लाइव्ह-रिस्टोर (डीमन थांबला तरी कंटेनर चालू ठेवणारा पर्याय) चालू; आणि एसईलिनक्स-एनेबल्ड चालू. हा शेवटचा पर्याय लावल्यावर होस्टवरचे फोल्डर आत जोडणाऱ्या कंटेनरना ‘परमिशन डिनाइड’ येऊ लागेल. तिथे व्हॉल्यूमच्या मागे छोटं किंवा मोठं झेड लावा: छोटं अनेक कंटेनरनी वाटून घ्यायच्या फोल्डरला, मोठं एकट्याच्या फोल्डरला. होम किंवा ईटीसीसारख्या अख्ख्या फोल्डरला झेड लावलंत तर लेबलं बदलून होस्टच लंगडा होईल.

डिस्क: इथे कंजुषी नको

ओव्हरले२ ला खालच्या फाइलसिस्टीमकडून डी-टाइपची, म्हणजे नोंद फाइलची की फोल्डरची याची, माहिती लागते. एक्सएफएसमध्ये ती एफटाइप=१ असेल तरच मिळते. ७.२ पर्यंतचा इन्स्टॉलर एफटाइप=० ने फॉरमॅट करायचा; ७.३ पासून १ ने. म्हणजे सर्व्हर २०१५ मध्ये उभा केला आणि पुढे यम अपडेट करत करत ७.९ वर आणला, तरी त्याची डिस्क शून्याचीच राहते. ‘एक्सएफएस-इन्फो’ कमांड माउंट पॉइंटवर चालवा आणि ‘नेमिंग’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडे बघा.

शून्य निघालं तर ते जागच्या जागी बदलता येत नाही. फॉरमॅट हाच उपाय. रूट फाइलसिस्टीमला हात लावायची गरज नाही; एक वेगळी डिस्क किंवा लॉजिकल व्हॉल्यूम घ्या, एमकेएफएस करताना नेमिंगच्या पर्यायात एफटाइप=१ स्पष्ट लिहा आणि ती वार-लिब-डॉकरवर माउंट करा. एक्सएफएस वाढवता येते, कमी करता येत नाही. त्यामुळे ५० जीबीने सुरू करून व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा राखून ठेवणं शहाणपणाचं.

डिव्हाइसमॅपरवरच अडकलेल्यांसाठी एवढंच: ‘डेटा लूप फाइल’ अशी ओळ ‘डॉकर इन्फो’त दिसली तर तुम्ही लूप-एलव्हीएमवर आहात. ती रचना फक्त चाचणीसाठी होती. १०० जीबीची पोकळ फाइल, तिच्यावर लूप डिव्हाइस, त्यावर थिन पूल. पूल भरला की कंटेनर आतून रीड-ओन्ली होतात किंवा लटकतात.

इमेज उतरली, पण चालत नाही

कर्नलचं जुनेपण इथे उघडं पडतं. एक उदाहरण जवळून पाहू. १.१३.१ वर उबुंटू २२.०४ ची इमेज सुरू केली की शेल येतं, ‘एलएस’ चालतं, आणि पहिल्याच थ्रेड बनवणाऱ्या प्रोग्रामला ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. आत सगळं रूट म्हणून चाललंय, मग परवानगी कसली? इमेजमधली ग्लिबसी ही मूळ सी लायब्ररी २.३४ पासून थ्रेड बनवताना आधी क्लोन३ हा नवा कॉल करून पाहते. ३.१० कर्नलमध्ये तो कॉल नाहीच. कर्नलपर्यंत विनंती पोचली असती तर ‘असा कॉल इथे नाही’ असं उत्तर आलं असतं आणि ग्लिबसी गुपचूप जुन्या क्लोनकडे वळली असती. पण वाटेत सेककॉम्पचा (सिस्टीम कॉल गाळणाऱ्या चाळणीचा) पहारेकरी बसलाय. त्याच्या यादीत हे नाव नाही, म्हणून तो ‘नाही’ऐवजी ‘मनाई’ सांगतो. मनाई ऐकून ग्लिबसी माघार घेत नाही, थेट अपयश कळवते.

डॉकर २०.१०.१० पासून या कॉलला ‘नाही’ असंच उत्तर मिळतं, म्हणून २६.१.४ वर ही अडचण येत नाही. जुन्यावर ‘सेककॉम्प=अनकन्फाइन्ड’ लावून कंटेनर चालतो, पण मग पहाराच उठतो. बिल्ड मशीनवर एखाद्या वेळी चालेल. बाहेरून रहदारी घेणाऱ्या सर्व्हिसला अजिबात नको. अल्पाइन ३.१४ चंही दुखणं याच जातीचं, फक्त कॉल फॅक्सेसअ‍ॅट२. तिथे ‘मेक’ किंवा शेल स्क्रिप्ट विचित्र परवानगीच्या एररनी पडतात.

ज्याला कुठलंच डॉकर अपडेट वाचवत नाही असा एक प्रकार आहे. क्यूटी५ ही लायब्ररी वापरणारा प्रोग्राम म्हणतो, लिबक्यूटी५कोर ही फाइल सापडत नाही. फाइल तिथेच असते, परवानग्या ठीक असतात, ‘एलडीडी’ही ‘नॉट फाउंड’ म्हणतं. त्या लायब्ररीच्या आत एबीआय-टॅग नावाच्या टिपणीत ‘किमान कर्नल ३.१७’ असं लिहिलेलं असतं. लोडर ते वाचतो, ३.१० बघतो आणि फाइल नसल्यासारखं वागतो. इलाज डॉकरफाइलमध्ये एका ओळीचा: ‘स्ट्रिप’ कमांडने त्या लायब्ररीतला ‘नोट.एबीआय-टॅग’ हा सेक्शन काढा. क्यूटी नवे कॉल नसतील तर जुन्यांवर भागवतं, म्हणून हे बहुतेक वेळा खपून जातं.

कर्नलशी संबंध नसलेली, पण जुन्या यंत्रांवरच भेटणारी एररही सांगून ठेवतो: ‘सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’. आरएचईएल ९ च्या इमेजना व्ही२ पातळीचा प्रोसेसर लागतो, १० च्या इमेजना व्ही३. खरा प्रोसेसर पुरेसा नवा असूनही ही एरर आली, तर व्हर्च्युअल मशीनचं सीपीयू मॉडेल बघा. तिथे क्यूईएमयू६४ किंवा केव्हीएम६४ ठेवलेलं असतं. ‘होस्ट-पासथ्रू’ केलं की काम होतं.

जागा आहे, तरी ‘नो स्पेस’

महिनोन्महिने चाललेल्या सर्व्हरवर एके दिवशी नवा कंटेनर उठत नाही. संदेश ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ किंवा ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’. डिस्क अर्धी रिकामी, रॅम मोकळी. संदेशातला पूर्ण पाथ वाचा: तो सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मेमरी-सीपीयूची मर्यादा लावणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) मेमरी फोल्डरचा असतो. ३.१० मध्ये कर्नल-मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग गळका आहे. कंटेनर जातो, त्याचा मेमरी सीग्रुप मात्र आतून मोकळा होत नाही. अशा ६५,५३५ नोंदी झाल्या की कोटा संपला. प्रॉक-सीग्रुप्स फाइलमध्ये मेमरीच्या ओळीतला आकडा आणि प्रत्यक्षातले फोल्डर यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसला तर निदान पक्कं. दर मिनिटाला छोटा कंटेनर उठवणारं क्रॉन जॉब असेल तर हा दिवस लवकर येतो.

७.८ किंवा पुढच्या कर्नलवर बूट पर्यायांत ‘सीग्रुप.मेमरी=नोकेमेम’ घाला. ग्रबीने सगळ्या कर्नलना एकदम लावता येतं, मग रीबूट. त्याच फेरीत ‘एफएस.मे-डिटॅच-माउंट्स’ १ आहे का तेही पाहा. ७.४ ला आलेली ही सेटिंग शून्य असेल तर कंटेनर काढताना ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ येत राहतं.

नेटवर्कबद्दल एकच सूचना. आयपीटेबल्स सर्व्हिस रीस्टार्ट केली की डॉकरच्या साखळ्या पुसल्या जातात आणि पुढचा कंटेनर ‘नो चेन’ म्हणत पडतो. डॉकर रीस्टार्ट केला की साखळ्या परत येतात.

पॉडमॅन १.६.४: कल्पना चांगली, गाडी अर्धवट

डीमन नाही, रूटची गरज नाही, म्हणून पॉडमॅन सगळ्यांना आवडतो. पण आवडतो तो आठव्या-नवव्या व्हर्जनवरचा. सातव्यावर तो १.६.४ लाच थांबला. डॉकरसारखा एपीआय सॉकेट पॉडमॅनमध्ये २.० ला आला, त्यामुळे इथे डॉकर कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं अवजार) चालत नाही. क्वाडलेट (कंटेनर सिस्टीमडीकडून चालवण्याची सोय) तर ४.४ चा.

रूटलेस करायचंच असेल तर ‘यूजर.मॅक्स-यूजर-नेमस्पेसेस’ ही सिसकंट्रोल सेटिंग आधी बघा. सातव्यावर ती मुळात ० असते; डॉकरच्या कागदपत्रांतला २८६३३ हा आकडा घातला तरी चालतं. सबयूआयडी आणि सबजीआयडी फाइलींत त्या यूजरला ६५,५३६ आयडींचा पट्टा द्या. मग ‘पॉडमॅन इन्फो’त ग्राफ ड्रायव्हर व्हीएफएस निघाला तर जपून: त्यात प्रत्येक लेअर म्हणजे आधीच्या सगळ्याची पूर्ण प्रत, आणि एक जीबीची दहा लेअरची इमेज डिस्क खाऊन टाकते. सीग्रुप व्ही१ वर रूटलेस कंटेनरला मेमरीची मर्यादाही लावता येत नाही. शिवाय सातव्यावर यूजरचं सिस्टीमडी मुळात चालत नाही, म्हणून बूटला कंटेनर उठवायला सिस्टीम पातळीवर युनिट लिहून त्यात ‘यूजर’ द्यावा लागतो. एवढं करून १०२४ च्या खालचं पोर्ट नाहीच. पुढे प्रॉक्सी लावा. नाकापेक्षा मोती जड.

सहावं आणि आठवं

सहाव्यावर कर्नल २.६.३२. इपेल या जादा पॅकेजांच्या रिपॉझिटरीत ‘डॉकर-आयओ’ नावाने १.७.१ मिळायचा, ‘डॉकर’ हे नाव आधीच एका ट्रे आयकॉनच्या प्रोग्रामने घेतलेलं होतं. तो कसाबसा बसवलात तरी ग्लिबसी २.२६ आणि पुढच्या इमेज ‘कर्नल टू ओल्ड’ म्हणून तिथल्या तिथे संपतात, कारण तिला किमान ३.२ लागतो. यावर इलाज नाही.

आठव्यावर कर्नल ४.१८ आणि पॉडमॅन अस्सल. तिथे डॉकर सीईचा हट्ट असेल तर कंटेनरडी.आयओ आणि रनसी (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारी) पॅकेजं भांडतात. डीएनएफला ‘अलाऊ-इरेझिंग’ द्या, पण पॉडमॅन त्याबरोबर जातोय का ते यादीत वाचूनच ‘वाय’ दाबा.

किती दिवस चालेल

डॉकर सीई २६.१.४ ला आम्ही पसंती दिली ती कामचलाऊ म्हणून. त्याच्या जोडीला ईएल७ साठी आलेल्या कंटेनरडी पॅकेजात रनसी १.१.१२ आहे, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत उघड झालेलं कंटेनरमधून बाहेर पडण्याचं छिद्र बुजलेलं आहे. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये रनसीमध्ये आणखी तीन सापडली, ती १.२.८ आणि १.३.३ मध्ये बुजवली, ईएल७ च्या पॅकेजात नाहीत. तेव्हा या सर्व्हरवर फक्त स्वतः बांधलेल्या इमेज चालवा, अनोळखी डॉकरफाइल बिल्ड करू नका.

बहुतेक ठिकाणी जुना होस्ट ठेवण्याचं कारण एखादं जुनं अ‍ॅप असतं. तसं असेल तर बाजू उलटी करा: होस्ट नवा घ्या आणि सेंटओएस ७ ची इमेज करून अ‍ॅप तिच्यात ठेवा. यूजरस्पेसच्या बाबतीत नवा कर्नल जुन्याला सांभाळून घेतो. दोन ठिकाणी अडेल. सेंटओएस ६ ची इमेज सुरू होताच कोड १३९ देऊन पडली, तर होस्टच्या बूट पर्यायांत ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ घाला. आणि सेंटओएस ७ च्या इमेजमध्ये सिस्टीमडी हीच पहिली प्रोसेस ठेवायची असेल, तर तिचं २१९ व्हर्जन सीग्रुप व्ही१ मागतं. आरएचईएल ९ वर बूट पर्याय देऊन व्ही१ वर परतता येतं, १० वर तो रस्ता बंद आहे. तिथे सिस्टीमडी सोडा आणि अ‍ॅपची बायनरी थेट एंट्रीपॉइंटला द्या. सुरू करण्याची कमांड जुन्या युनिट फाइलच्या ‘एक्झेकस्टार्ट’ ओळीत तयार लिहिलेली असते.